दुकाने, रुग्णालय, अभ्यासिका आणि सदनिका एकाच इमारतीत : आगसूचक यंत्रणा कोणती निवडावी? (सांगली)

मारुतीचौककर :

सर्व सभासदांना नमस्कार. सांगलीत मारुती चौकाच्या जवळ आमच्या कुटुंबाची तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत असून तिच्या देखभालीची जबाबदारी आता माझ्याकडे आली आहे. तळमजल्यावर कापड, विद्युत साहित्य आणि स्टेशनरी अशी तीन दुकाने आहेत. पहिल्या मजल्यावर १८ खाटांचे प्रसूती व बालरुग्णालय आहे, दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी रात्री उशिरापर्यंत चालणारी अभ्यासिका आहे आणि वरच्या दोन मजल्यांवर आठ सदनिका आहेत. जिना एकच आहे. सर्व वीज मीटर त्या जिन्याखालीच बसवलेले आहेत. याशिवाय मार्केट यार्डात हळदीची पोती ठेवण्यासाठी आमचे पत्र्याचे जुने गोदाम आहे.

आगसूचक यंत्रणेसाठी दोन कोटेशने मागवली. पहिल्याने इमारत आणि गोदाम या दोन्हींसाठी कन्व्हेन्शनल पॅनेल (सर्व डिटेक्टरांच्या सूचना जिथे येतात ती मुख्य पेटी) सुचवले असून सगळीकडे एकाच प्रकारचे स्मोक डिटेक्टर धरले आहेत. दुसऱ्याने दोन्ही ठिकाणी अ‍ॅड्रेसेबल यंत्रणा सांगितली आहे आणि तिची रक्कम पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. दोघांच्याही कागदांत अमुक ठिकाणी अमुकच डिटेक्टर का, याचे स्पष्टीकरण एका ओळीचेही नाही. रुग्णालयाचे डॉक्टर म्हणतात की खर्च झाला तरी चालेल, पण मध्यरात्री विनाकारण भोंगा वाजता कामा नये. सदनिकाधारकांचे म्हणणे असे की स्वयंपाकाची फोडणी आणि गणपतीतला धूप यांमुळे रोज गोंधळ होणार असेल तर त्यांना यंत्रणाच नको. माझा प्रश्न असा की इतके वेगवेगळे वापर असलेल्या इमारतीत एकच यंत्रणा पुरते का, आणि ती निवडताना नेमके काय पाहावे? तांत्रिक तपशील दिलात तरी चालेल, फक्त तो समजावून द्यावा, ही विनंती.

कुपवाड_इलेक्ट्रिकल :

कुपवाड एमआयडीसी आणि परिसरात मी अशी कामे करतो. त्यामुळे विक्रेत्याची बाजू मला ठाऊक आहे, आणि आपल्याकडे आलेल्या दोन्ही कोटेशनांत विक्रेत्याचीच सोय अधिक पाहिलेली दिसते.

प्रथम दोन्ही प्रकारांतील फरक सांगतो. कन्व्हेन्शनल यंत्रणेत इमारतीचे झोन, म्हणजे विभाग, पाडतात. एका झोनमधले सगळे डिटेक्टर दोन तारांवर ओळीने जोडलेले असतात आणि ओळीच्या शेवटी एक रेझिस्टर बसवलेला असतो. त्यातून सतत थोडासा प्रवाह वाहत राहतो. तार तुटली किंवा कोणी डिटेक्टर काढून नेला की तो प्रवाह थांबतो आणि पॅनेलवर दोषाचा दिवा लागतो. एखाद्या डिटेक्टरने धूर पकडला की प्रवाह वाढतो आणि आगीचा दिवा लागतो. मात्र पॅनेल एवढेच सांगते की ‘झोन दोनमध्ये आग’. झोन दोनमध्ये पंधरा खोल्या असतील तर पंधराही खोल्या कोणीतरी जाऊन पाहाव्या लागतात. छोट्या दुकानात, लहान कारखान्यात किंवा एका नजरेत दिसणाऱ्या हॉलमध्ये यामुळे काही बिघडत नाही. तेथे ही यंत्रणा उत्तम काम देते आणि तिची दुरुस्ती गावातला कोणताही जाणकार करू शकतो.

अ‍ॅड्रेसेबल यंत्रणेत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा क्रमांक असतो. तार पॅनेलमधून निघून सर्व उपकरणांना स्पर्श करीत पुन्हा पॅनेलकडे परत येते, म्हणून तिला लूप म्हणतात. मध्ये एका जागी तार तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क चालू राहतो, आणि ठिकठिकाणी आयसोलेटर बसवले असतील तर शॉर्ट सर्किट झाल्यावर फक्त तेवढाच तुकडा बंद पडतो. पडद्यावर ‘पहिला मजला, नवजात कक्ष’ असे अक्षरात दिसते. माझ्या मते आपल्या इमारतीसाठी याहूनही महत्त्वाचा फायदा म्हणजे एकच डिटेक्टर तात्पुरता बंद ठेवता येतो. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात फ्यूमिगेशन, म्हणजे जंतुनाशक धुरी, होते तेव्हा तेथील डिटेक्टर तेवढ्या वेळापुरता बाजूला काढावा लागतो. कन्व्हेन्शनल यंत्रणेत त्यासाठी संपूर्ण झोन बंद करावा लागतो, आणि तो पुन्हा चालू करायचा राहून गेला तर अख्खा मजला आठवडाभर उघडा पडतो. असे प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत.

म्हणून इमारतीसाठी एका लूपचे लहान अ‍ॅड्रेसेबल पॅनेल घ्यावे. उपकरणांची संख्या शंभराच्या आतच राहील, त्यामुळे दोन किंवा चार लूपचे पॅनेल कोणी गळ्यात मारत असेल तर नकार द्यावा. गोदामासाठी अ‍ॅड्रेसेबलची गरज नाही. एकच मोठी खोली असताना क्रमांकाचा उपयोग काय?

पॅनेल घेण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : या पॅनेलवर दुसऱ्या कंपनीचे डिटेक्टर चालतात का? बहुतेक अ‍ॅड्रेसेबल पॅनेलची संदेशपद्धती ठरावीक डिटेक्टरांशीच जुळते. सात-आठ वर्षांनी ते मॉडेल बंद झाले आणि सुटे डिटेक्टर मिळेनासे झाले की मालकाला सगळी यंत्रणा नव्याने घ्यावी लागते. कोटेशनमधील स्वस्ताईचा हिशेब तेव्हा उलटा होतो.

बॅटरीचा हिशेबही लेखी मागावा. वीज गेल्यावर पॅनेल २४ तास पहारा देऊ शकेल आणि त्यानंतर अर्धा तास भोंगे वाजू शकतील, असा साधारण दंडक असतो. समजा पहाऱ्याच्या वेळी ०.२ अँपिअर आणि भोंगे वाजताना ०.८ अँपिअर प्रवाह लागतो, तर ४.८ आणि ०.४ मिळून ५.२ अँपिअर-तास होतात. बॅटरी जुनी होत जाते म्हणून त्यावर चतुर्थांश वाढवला की ६.५ येतात, म्हणजे ७ अँपिअर-तासाची बॅटरी पुरते. भोंगे जास्त असतील तर पुरत नाही. कोटेशनमध्ये फक्त ‘बॅटरीसह’ असे लिहिलेले असेल तर ते अपुरे समजावे.

मिरजेचा_भूलतज्ज्ञ :

वरील उत्तर तंत्राच्या अंगाने चांगले आहे. मी केवळ रुग्णालयाच्या मजल्याविषयी लिहितो, कारण कोणत्याही मिश्र इमारतीत सर्वांत नाजूक दुवा तोच असतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये रुग्णालयांचा समावेश संस्थात्मक वापराच्या गटात केलेला आहे, आणि एकाच इमारतीत अनेक वापर असतील तर अधिक कडक अटींकडे पाहावे, असा तिचा रोख आहे. त्यामुळे ‘आमच्या तर सदनिकाच आहेत’ असा युक्तिवाद आपल्या इमारतीत टिकणार नाही.

दुकानात, शाळेत किंवा सदनिकेत भोंग्याचा अर्थ ‘सगळ्यांनी बाहेर पडा’ असा असतो. रुग्णालयात तो अर्थ लागू होत नाही. नुकतीच सिझेरियन झालेली स्त्री, वॉर्मरमधले (ऊब देणाऱ्या उपकरणातले) बाळ किंवा शस्त्रक्रियेच्या मेजावरील रुग्ण भोंगा ऐकून चालू लागत नाही. त्याला हलवणारी माणसे रात्रपाळीला दोन किंवा तीनच असतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात लागलेल्या आगीत १० बालके दगावली. तो कक्ष म्हणजे बंद दार, वातानुकूलन, सतत चालणारी उपकरणे आणि ऑक्सिजन अशी जागा असते, आणि तेथे धूर माणसाच्या डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

यावरून माझ्या मते रुग्णालयासाठी तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे नवजात कक्ष, प्रसूतिगृह आणि औषध-साठ्याची खोली येथे ऑप्टिकल (प्रकाशकिरणाने धूर ओळखणारा) स्मोक डिटेक्टर किंवा धूर आणि उष्णता दोन्ही तपासणारा मल्टिसेन्सर असावा, कारण गादी, फोम आणि वायरचे आवरण प्रथम धुमसते आणि ज्वाळा नंतर दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे ऑटोक्लेव्हची (उपकरणे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राची) खोली, पॅन्ट्री आणि गरम पाण्याची सोय असलेली न्हाणीघरे येथे वाफेमुळे स्मोक डिटेक्टर वारंवार फसतो, म्हणून तेथे हीट डिटेक्टर लावावा. तिसरी आणि माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी की पहिली सूचना परिचारिकांच्या टेबलावर, दिव्याने आणि मंद आवाजाने यावी. तेथे बसलेल्या व्यक्तीने ठरावीक दोन-तीन मिनिटांत जाऊन पाहून ‘दखल घेतली’ असे बटण दाबले नाही, किंवा दुसऱ्या डिटेक्टरनेही धूर पकडला, किंवा कोणी काच फोडून बटण दाबले, तर मात्र सगळ्या इमारतीत भोंगे वाजावेत. डॉक्टरांना हवी असलेली शांतता यातूनच मिळते. डिटेक्टरची संवेदनशीलता कमी करून ती मिळवू नये.

परिचारिकांच्या टेबलावर पॅनेलची छोटी प्रतिकृती, म्हणजे रिपीटर, अवश्य बसवावी. मुख्य पॅनेल वॉचमनजवळ असेल आणि वॉचमन रात्री चहाला गेलेला असेल, तर वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेला काहीच कळणार नाही.

निवृत्त_अग्निशमन :

माझी सर्व नोकरी पश्चिम महाराष्ट्रातील अग्निशमन सेवेत झाली. डॉक्टरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. कुपवाडच्या मित्रांशी मात्र सदनिकांच्या बाबतीत माझा मतभेद होण्याची शक्यता आहे. त्यांनी त्याविषयी लिहिलेले नाही, परंतु बहुतेक ठेकेदार वरच्या मजल्यांवर फक्त लॉबीत एक डिटेक्टर आणि एक भोंगा लावून मोकळे होतात, म्हणून आधीच लिहितो.

आपल्या इमारतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जिन्याखालच्या मीटरची. एकच जिना आणि त्याच्या पायथ्याशी सगळे मीटर, म्हणजे आग लागली तर ती नेमकी वाटेवरच लागणार आणि जिना धुराड्यासारखा होऊन धूर वर चढणार. सुरतमध्ये २४ मे २०१९ रोजी तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरील वर्गात अडकलेले २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. खालून आलेल्या आगीने आणि धुराने त्यांची खाली येण्याची वाट बंद झाली होती. आपल्या दुसऱ्या मजल्यावरील अभ्यासिका त्याच जिन्यावर अवलंबून आहे. त्यामुळे पहिला डिटेक्टर मीटरच्या जागी लावावा, आणि शक्य असेल तर यंत्रणेच्या आधी ते मीटर जिन्यातून बाहेर हलवून आगरोधक दाराच्या बंदिस्त जागेत न्यावेत. विद्युत दुचाकी जिन्यात चार्जिंगला लावण्याची नवी सवय तर ताबडतोब बंद करावी.

आता सदनिकांविषयी. लॉबीतला भोंगा एक मीटरवर ९० डेसिबल आवाज देत असला तरी एका बंद दारामागे तो २० ते ३० डेसिबलने उतरतो. प्रत्येक सदनिकेचे मुख्य दार आणि शयनगृहाचे दार अशी दोन दारे मध्ये असतात, वर पंखा किंवा एसी चालू असतो. झोपलेल्या माणसाला जागे करण्यासाठी उशापाशी ७५ डेसिबल आवाज पोहोचावा लागतो, आणि तो लॉबीतून पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक सदनिकेच्या आतल्या पॅसेजमध्ये, शयनगृहांच्या दारांजवळ, एक भोंगा मुख्य यंत्रणेला जोडलेला असावा. घरातल्या धुरासाठी बॅटरीवर चालणारा स्वतंत्र स्मोक अलार्म पुरतो, आणि तो मुख्य यंत्रणेला जोडू नये. जोडला नाही म्हणजे मिरचीच्या फोडणीचा ठसका त्या घरापुरताच राहील, रुग्णालयातले भोंगे वाजणार नाहीत. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा डिटेक्टर असावा, आणि स्मोक अलार्म देवघराच्या अगदी वर लावू नये. गणपतीतल्या धुपाचा प्रश्न एवढ्याने सुटतो. स्वयंपाकघरात गॅसगळतीचा डिटेक्टर लावणार असाल तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावा, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो छताला लावलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे.

डिटेक्टर किती लावायचे याची आयएस २१८९ या भारतीय मानकातील मोजमापे ठेकेदाराला ठाऊक असली पाहिजेत. सपाट छताखाली कोणत्याही बिंदूपासून जवळचा स्मोक डिटेक्टर साडेसात मीटरच्या आत आणि हीट डिटेक्टर ५.३ मीटरच्या आत असावा. खोल तुळया किंवा कपाटांची छताला टेकलेली रांग मध्ये आली तर हे अंतर कागदावरच राहते. कापड दुकानात तर खोटे छत असते आणि त्याच्या वर वायरिंगचा गुंता असतो, म्हणून त्या पोकळीतही डिटेक्टर हवा आणि तो वाजल्याचे दाखवणारा दिवा खाली दिसेल असा हवा.

कायद्याच्या बाजूने एवढेच सांगतो की महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा परवानाधारक संस्थेकडूनच बसवून घ्यावी लागते, आणि ती सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ मधील प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. ज्याने प्रमाणपत्रावर सही केली त्याने प्रत्यक्ष तपासणी केली का, हे पाहणे मात्र मालकाच्याच हाती आहे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. भोंगा वाजला म्हणजे अग्निशमन केंद्राला आपोआप कळते असे नाही. १०१ वर फोन माणसानेच करायचा असतो, आणि तो कोणी करायचा हे मजल्यागणिक आधी ठरवून ठेवावे लागते.

तासगाव_बेदाणा :

मी बेदाण्याच्या शीतगृहाची व्यवस्था पाहतो, आणि आमची हळदीची गोदामेही आहेत. गोदामासाठी कन्व्हेन्शनल पॅनेल पुरेसे आहे हे कुपवाडच्या मित्रांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु डिटेक्टर कोणता, हा प्रश्न तेथे पॅनेलपेक्षा मोठा आहे, आणि पहिल्या कोटेशनमधले साधे स्मोक डिटेक्टर तेथे एक हंगामही टिकणार नाहीत.

हळदीची पोती उतरवताना आणि पॉलिश करताना जी पिवळी धूळ उडते ती ऑप्टिकल डिटेक्टरच्या आत जाऊन बसते. या डिटेक्टरमध्ये अवरक्त प्रकाशाचा एक किरण अंधाऱ्या कप्प्यात सोडलेला असतो. धुराचे कण आले की तो विखुरतो आणि बाजूला बसवलेल्या संवेदकावर पडतो. धूळही तेच करते, त्यामुळे डिटेक्टरला धूळ आणि धूर यांतला फरक कळत नाही. रोज खोटी सूचना येऊ लागली की हमाल किंवा दिवाणजी पॅनेलचा आवाज बंद करून टाकतो, आणि मग यंत्रणा फक्त भिंतीवर टांगलेली राहते.

दुसरी अडचण आमच्या व्यवसायाबाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही. किडीसाठी पोत्यांवर ताडपत्री टाकून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू तांब्याला खातो. डिटेक्टरमधले सर्किट, बेसमधले संपर्कबिंदू आणि उघड्या तारांची टोके काळी पडतात, आणि डिटेक्टर बाहेरून नवा दिसत असूनही आतून निकामी झालेला असतो. म्हणून अशा गोदामात छताला शेकडो जोड असलेली यंत्रणा बसवण्याऐवजी ज्याचे इलेक्ट्रॉनिक्स कमीत कमी जागी आहे अशी यंत्रणा निवडावी.

माझी निवड बीम डिटेक्टर ही राहील. एका भिंतीवरून सोडलेला किरण समोरच्या भिंतीवरील परावर्तकावरून परत येतो आणि वाटेत धूर आला की मंद होतो. एक बीम १०० मीटर लांबीपर्यंत आणि दोन्ही बाजूंना साडेसात मीटर, म्हणजे पंधरा मीटर रुंदीपर्यंत जागा सांभाळतो. धूळ त्याच्याही काचेवर बसते, परंतु पुसण्याची जागा एकच असते. तो पत्र्याच्या कैच्यांवर मात्र लावू नये. चैत्र-वैशाखात पत्रा तापून सांगाडा हलतो, किरण परावर्तकावरून सरकतो आणि दुपारी दोनला दोषाची सूचना येते. विटांच्या भिंतीवर किंवा काँक्रीटच्या खांबावर तो बसवावा, आणि पोत्यांची थप्पी किरणाच्या आड येणार नाही अशी खूण भिंतीवर रंगवून घ्यावी.

कोणी हीट डिटेक्टर सुचवला तर त्याचे तापमान विचारावे. सर्वसाधारण हीट डिटेक्टर ५७ ते ५८ अंश सेल्सिअसला वाजतो, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याखालची हवा त्याच्या फार मागे नसते. तेथे वरच्या तापमानाचा डिटेक्टर लागतो. तापमान मिनिटाला सुमारे आठ अंशांनी वाढल्यावर वाजणारा जो प्रकार असतो, तोही अशा पत्र्याखाली, बंद गोदामाचे शटर उघडल्यावर हवा एकदम बदलते तेव्हा, फसण्याची शक्यता असते.

शीतगृहाचा विषय आपण विचारलेला नाही, तरी कोणी वाचणारा असेल म्हणून थोडक्यात लिहितो. गार खोलीत दार उघडताच बाहेरची दमट हवा आत येऊन बाष्प धरते, आणि साधा स्मोक डिटेक्टर त्यालाच धूर समजतो. तेथे नळ्यांनी हवा ओढून खोलीबाहेरच्या यंत्रात तपासणारी अ‍ॅस्पिरेटिंग पद्धत योग्य ठरते, कारण भिंतींतला फोम एकदा पेटला की आवरता येत नाही आणि तेथे लवकर कळण्यालाच किंमत आहे. अमोनियाची गळती ही वेगळी बाब असून तिचा डिटेक्टर वेगळा असतो. अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने तो कॉम्प्रेसरच्या खोलीत वर लावतात, मात्र द्रवाची गळती झाली तर थंड धुके आधी जमिनीलगत पसरते, हेही ध्यानात घ्यावे.

मारुतीचौककर :

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांची दोन टप्प्यांच्या सूचनेची कल्पना आमच्या डॉक्टरांनाही पटली, आणि मीटर हलवण्याविषयी मी आजच वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज दिला. दोन शंका राहिल्या आहेत. दोन्ही ठेकेदारांनी मुख्य पॅनेल तळमजल्यावर, जिन्याजवळ दाखवले आहे. २०१९ च्या महापुरात आमचा संपूर्ण तळमजला पाण्याखाली होता. मग पॅनेल कोठे ठेवावे? आणि गावभागातल्या आमच्या मामांच्या जुन्या लाकडी वाड्यात भिंती न फोडता काही करता येईल का?

कुपवाड_इलेक्ट्रिकल :

पॅनेल तळमजल्यावर ठेवण्यामागचा हेतू असा असतो की अग्निशमन दल आत शिरताच त्याला आगीची जागा दिसावी. सांगलीत मात्र त्या नियमाला कृष्णेची पातळी विचारावी लागते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. मुख्य पॅनेल आणि बॅटऱ्या पहिल्या मजल्यावर, परिचारिकांच्या टेबलाशेजारी ठेवाव्यात, म्हणजे तेथे वेगळा रिपीटरही लागणार नाही. तो रिपीटर तळमजल्यावर दारापाशी लावावा. पुरात गेलाच तर फक्त तेवढाच जाईल. त्याच्या तारेवर आणि तळमजल्याच्या शाखेवर आयसोलेटर बसवला की पाण्याने तेथे शॉर्ट झाले तरी वरचे मजले चालू राहतील. दुकानांतले कॉल पॉइंट, म्हणजे काच फोडून दाबायची बटणे, मात्र उंच नेऊ नयेत. ते हाताला येतील असे, सुमारे १.४ मीटर उंचीवरच असले पाहिजेत. पूर ओसरल्यावर महापालिका डासांसाठी जी धूरफवारणी करते तिनेही दुकानांतले डिटेक्टर वाजतात. त्या दिवशी त्यांना क्रमांकाने बाजूला काढता येईल.

वाड्यासाठी वायरलेस डिटेक्टर मिळतात. ते बॅटरीवर चालतात आणि रेडिओलहरींनी पॅनेलशी बोलतात. परंतु जाड मातीच्या भिंतींतून लहरी कितपत पोहोचतात, याची जागेवर चाचणी केल्याशिवाय घेऊ नयेत, आणि प्रत्येक डिटेक्टरची बॅटरी ठरलेल्या मुदतीत बदलण्याची तयारी असावी.

निवृत्त_अग्निशमन :

वाड्याच्या बाबतीत भर घालतो. तेथे माळ्यावरचे जुने सामान आणि कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी हीच आगीची खरी जागा असते, म्हणून पहिला डिटेक्टर दिवाणखान्यात न लावता माळ्यावर लावावा. जुन्या लाकडी बांधकामाला किती कमी वेळ मिळतो हे आपल्या भागाने ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिले आहे.

इमारतीच्या कामात ठेकेदाराला एक अट लेखी घालावी. काम ताब्यात घेताना प्रत्येक स्मोक डिटेक्टर चाचणीच्या धुराच्या कॅनने आणि प्रत्येक हीट डिटेक्टर गरम हवेच्या साधनाने तुमच्यासमोर वाजवून दाखवावा, पॅनेलवर आलेले नाव आणि प्रत्यक्ष खोली जुळते का ते पाहावे, आणि त्यानंतर मुख्य वीज बंद करून यंत्रणा बॅटरीवर चालवून दाखवावी. अनेक जण डिटेक्टरखाली उदबत्ती धरून चाचणी करतात. त्याने कप्प्यात तेलकट थर बसतो आणि डिटेक्टर लवकर खराब होतो. भोंग्यांची चाचणी रात्री साडेदहानंतर, सगळी दारे लावून आणि पंखे चालू ठेवून, प्रत्येक सदनिकेच्या शयनगृहात आवाज मोजून घ्यावी. रहिवाशांना आदल्या दिवशी नोटीस लावावी आणि रुग्णालयाच्या मजल्यावर त्या वेळी फक्त दिव्यांची चाचणी ठेवावी.

मारुतीचौककर :

ही अट आणि गोदामासाठी बीम डिटेक्टर, असे दोन्ही बदल करून नवीन कोटेशने मागवली आहेत. बॅटरीचा हिशेब आणि सुट्या डिटेक्टरांची उपलब्धता किती वर्षे राहील, हेही लेखी मागितले आहे. पहिल्या ठेकेदाराने बीम डिटेक्टरचे नाव ऐकताच गोदामाचे काम आपण करत नसल्याचे कळवले. दुसरा ठेकेदार शनिवारी गोदाम पाहायला येणार आहे. तासगावचे सभासद त्या दिवशी मार्केट यार्डात येणार असतील तर त्यांनी मला व्यक्तिगत संदेश पाठवावा; बीम कोणत्या भिंतीवर बसवायचा हे त्यांच्यासमोर ठरले तर बरे होईल.